मागून चालणारा माणूस

आमच्या घराण्यात संशय आईकडून मुलीकडे येतो, इतरांच्या घरी पाटल्या येतात तसा. माझी पणजी म्हणे दूधवाल्याला दारात उभं करून आधी दूध तापवून बघायची आणि नासलं नाही तरच त्याला जाऊ द्यायची. आईनं ही परंपरा वर्ध्याहून पुण्याला आणि पुण्याहून डब्लिनजवळच्या ल्यूकनला धक्का न लागू देता आणली. ल्यूकनमधलं आमचं घर जोडघर होतं, मधली भिंत शेजारच्या मोराबरोबर सामाईक. मोरा पन्नाशी उलटलेली, एकटी, पांढऱ्या केसांची, चालायला तुरतुरीत. तिची किटली उकळायला लागली की आमच्या ओट्यापाशी कळायचं. "म्हणजे आपलंही तिला सगळं ऐकू जात असणार," असं म्हणून आई बाबांशी भांडताना आवाज खाली आणायची. कुकरच्या शिट्टीला मात्र इलाज नव्हता. शिट्टी झाली की आई गुन्हा केल्यासारखी भिंतीकडे बघायची. फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, मग धुराचा अलार्म बोंबलणार, मग मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालणार. आमची संध्याकाळ ही अशी असायची.

बाबा कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात शिफ्टवर जायचे. घरातली एकुलती एक गाडी त्यांच्याकडे. ते त्या देशात इतके मुरले होते की कपाटाला 'प्रेस' म्हणायचे आणि काहीही विचारलं तरी 'ग्रँड' म्हणायचे. वरण खारट झालं तरी ग्रँड. आईचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉल्सब्रिजला. संध्याकाळी बसनं यायची. बस थांबायची तिथून आमचं घर जवळच, पण मध्ये एक हिरवळीचा पट्टा, मग कम्युनिटी हॉल, आणि हॉलच्या मागून जाणारी एक बोळ. उन्हाळ्यात त्या बोळीत ब्लॅकबेरी लगडायच्या आणि आम्ही डबे भरून आणायचो. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, तेव्हा ती बोळ म्हणजे विहीर व्हायची.

त्या वर्षी थंडी सुरू होण्याच्या सुमारास आमच्या ओळखीतल्या एका मुलाला, नागपूरचा, नुकताच नोकरीला लागलेला, बसस्टॉपवर काही पोरांनी मारलं. फोन घेतला, चष्मा फोडला, आणि परत जा म्हणाले. तो महिनाभरात खरंच परत गेला. तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मग सूचनांचा पाऊस. रस्त्यात फोनवर मराठीत बोलू नका. हेडफोन घालू नका. कोणी हसून बोललं तरी थांबू नका. आईला असल्या सूचनांची गरज नव्हती, ती जन्मतःच तशी वागत होती. पण आता तिला जगानं दाखला दिला. "बघा, मी म्हणत नव्हते?" ती बाबांना म्हणाली. बाबा या वेळी ग्रँड म्हणाले नाहीत.

त्याच सुमाराला आईचे वडील, आबा, आमच्याकडे आले. सहा महिने राहणार होते. दिवसभर कानटोपी घालून ते पुढच्या खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळी आम्हाला आख्ख्या वसाहतीचा अहवाल द्यायचे. "तो लाल गाडीवाला आज दुपारीच आला वं. बायकोसंगं बोलत नाई तो, उतरला का सीधा आत." आबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्या खिडकीतून त्यांना जेवढं कळलं तेवढं आम्हाला तिथं राहून कळलं नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची. आबांशी मराठीत, घराबाहेर तिथल्या हेलात. आईला माझ्या हेलाचाही संशय यायचा. "फोनवर तू कोणाची मुलगी आहेस तेच समजत नाही," म्हणायची.

एके संध्याकाळी आई घरात शिरली, दार लावलं, साखळी लावली, आणि बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसली. "एक माणूस माझ्या मागून येतो," ती म्हणाली. आज नव्हे, बरेच दिवस. स्टॉपवर उतरलं की हॉलच्या कोपऱ्यापाशी उभा असतो. ती पुढे गेली की निघतो. बोळीत ती भरभर चालली की तोही भरभर. ती हळू झाली की तोही हळू. कधी जवळ येत नाही. उंच, काळा कोट, कानापर्यंत ओढलेली टोपी, आणि हातात एक काळी पेटी, खाली गोल आणि वर लांब दांडा, भल्या मोठ्या पळीला कापड चढवावं तशी. "त्या पेटीत काय असेल गं?" तिनं मला विचारलं, जणू मला ठाऊक असावं. मला पंधराव्या वर्षी बंदूकच सुचली; ते मी बोलले नाही, पण तिलाही तेच सुचलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

बाबा म्हणाले, "अगं, इकडेच राहत असेल. घरी जात असेल बिचारा." तेवढ्यात खिडकीशी बसलेले आबा बोलले. "इकडं राहत नाई तो. मी रोज पाहून राह्यलो. तुई किल्ली दारात फिरली का तो थांबते त्या खांबापाशी. आतला लाइट लागला का वापस फिरते, आला तसा." म्हणजे त्याला या बाजूला काही कामच नव्हतं. फक्त आमच्या दारापर्यंत यायचं, घर बघायचं आणि परत जायचं. बाबांनी गुपचूप उठून पडदे ओढले. "आबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" आई ओरडली. "काहून सांगू? कोनी सज्जन मानूस असन, मले वाटलं." "सज्जन!" आई म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला की आबांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर बसच्या वेळेला हिरवळीच्या कुंपणाआड जाऊन उभी राहिले. खिशात आईचा केसांचा स्प्रे. डोळ्यांत मारता येतो असं कुठंतरी वाचलं होतं. बस आली. आई उतरली. हॉलच्या कोपऱ्यावरून तो निघाला, अगदी तिनं सांगितलं तसा. मी मुद्दाम आईला सांगून ठेवलं होतं की मध्येच थांब, बूट बांधायचं नाटक कर. ती थांबली. तो लगेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं बंद फोन कानाला लावला. बंदच; उजेड नव्हता त्यात. चांगल्या माणसाला असं वागता येतं यावर, खरं सांगते, माझा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही.

घरी येऊन आईनं निकाल दिला. "नाताळ होऊ दे. मी राजीनामा टाकते, आपण पुण्याला परत. माझ्याच्यानं रोज हे मरण होत नाही." ती रडली नाही, ओट्याशी जाऊन कणीक मळायला लागली, पण पिठात पाणी जास्त पडलं. पोलिसांकडे बाबा जाऊन आले होते. तिथल्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, तो काही बोलला का, हात लावला का? नाही? मग लक्ष ठेवा, काही झालं तर फोन करा. "काही झालं तर!" आई म्हणाली. मला परत जायचं नव्हतं. पण ती सैल झालेली कणीक बघून तसं म्हणायची माझी छाती झाली नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोरानं आमचं दार वाजवलं. आईनं साखळी न काढता फटीतून बघितलं. हॉलमध्ये वसाहतीचा नाताळ आहे, मोरा म्हणाली, सगळे आपापली ताटली घेऊन येतात, आणि आपल्या इथल्याच लोकांचा ब्लूग्रासचा बँड वाजवतो. तुम्ही सगळे या हं. आजोबांनाही आणा. बोलताना ती आईच्या खांद्यावरून आत डोकावत होती, आणि मध्येच तिनं विचारलं, "हल्ली स्टॉपवरून नीट येतेस ना गं?" आईनं दार लावलं आणि तिथंच पाठ टेकून उभी राहिली. इतकी वर्षं कधी बोलावलं नाही, आता काय उमाळा आला? आणि माझ्या स्टॉपची हिला काय पडलीये? "हिला माहितीये," आई कुजबुजली, भिंतीकडे बघत. "ही त्याला सामील आहे."

आम्ही गेलो ते केवळ आबांमुळे. "गानं-बजावनं हाये तं जाऊ नं वं. जायाचंच हाये तं गावजेवन करून जाऊ." आईनं अटी घातल्या. दाराजवळ बसायचं, कोट काढायचे नाहीत, आणि आपण नेलेलंच खायचं. न्यायला तिनं सांबारवडी केली. वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिची खोबरं-खसखस घातलेली वळकटी, तळलेली. खिडक्या बंद करून, अलार्म काढून ठेवून. इतकी चिडलेली असताना तिनं इतक्या नाजूक हातानं ती कशी वळली कोण जाणे. माणूस निघून जायचं ठरवतो तेव्हासुद्धा आपल्या नावाला बट्टा लागू देत नाही.

हॉलमध्ये ओल्या कोटांचा, चहाच्या बंबाचा आणि संत्र्यांच्या सालींचा वास भरला होता. हरणांची चित्रं विणलेले स्वेटर घातलेली माणसं, चॉकलेटांचे डबे, लॉटरीची टोपली, पळणारी पोरं. आमची ताटली मोरानं घेतली आणि मधल्या टेबलावर अगदी पुढे ठेवली. आईनं बघून ठेवलं कोण घेतं, कोण नुसतं हुंगतं. मग बँड आला. ब्लूग्रास तोवर मी ऐकलं नव्हतं. पुढे कळलं की त्याच देशातून पोट भरायला अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपली गाणी तिकडच्या डोंगरात नेली, तिथं त्यात आफ्रिकेतून धरून नेलेल्यांचा बँजो मिसळला, आणि असं हेल बदलून ते संगीत परत घरी आलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की पाच माणसं एका मायक्रोफोनभोवती दाटीवाटीनं उभी आहेत, आणि गाणं सुसाट सुटलंय. मायक्रोफोन एकच. ज्याला वाजवायचं असेल तो पुढे सरकतो, बाकीचे वाट देत मागे होतात; त्याचं झालं की तो मागे, दुसरा पुढे. कोणी कोणाला खुणावत नव्हतं, धक्का लागत नव्हता. आबा खुर्चीच्या टोकावर आले. गावच्या भजनात त्यांनी आयुष्यभर खंजिरी वाजवलेली. "ढोलकी नाई, काई नाई, अन् ताल पाह्य कसा! तो बारक्या वाजंत्र्यावाला ताल देऊन राह्यला." खरंच, मँडोलिनवाला तारांवर कोरडे फटके मारत होता. "अन् पाह्य, भांडत नाईत कसे. ज्याची बारी तो पुढं. बाकीचे मांगं."

तेवढ्यात मागे उभा असलेला एक उंच माणूस पुढे आला. त्याच्या गळ्यात बँजो होता. खाली गोल, वर लांब दांडा. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. टोपी नव्हती, काळा कोट नव्हता, उलट नाकावर लाल चेंडू असलेल्या हरणाचा स्वेटर होता, पण उभं राहायची ती खांदे पाडलेली तऱ्हा मी कुंपणाआडून पाहिली होती. स्टेजच्या कडेला ती पेटी उघडी पडली होती, आत जांभळं मखमल. तो वाजवत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. "चल," आई म्हणाली. मला वाटलं घरी. बाबांनाही तसंच वाटलं, ते आबांना उठवायला लागले. पण आई दाराकडे नाही, स्टेजकडे निघाली.

गाणं संपत होतं तोच ती मायक्रोफोनच्या समोर जाऊन उभी राहिली, हातात पर्स छातीशी धरून. रागात आईचं इंग्रजी फार सुंदर व्हायचं, एकही चूक नाही. तुम्ही, ती म्हणाली. रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या मागून माझ्या घरापर्यंत येता. मला सगळ्यांसमोर सांगा, का? मायक्रोफोन चालू होता, त्यामुळे हा प्रश्न हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला, पोरंसुद्धा थांबली. तो माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यानं बँजोच्या तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या. बोलली मोरा. चहाचा कप हातात घेऊन ती पुढे आली. "डेक्लनला नको बोलूस. मी पाठवते त्याला."

मग ते बाहेर आलं. त्या मुलाला मारलं त्या आठवड्यात या लोकांची हॉलमध्ये नाताळसाठी रोजची तालीम सुरू झाली होती. तिथंच ठरलं की जे कोणी तालमीला असेल त्यानं बसच्या वेळेला बाहेर जायचं आणि आपल्या वसाहतीतलं जे एकटं उतरेल त्याच्या मागून दारापर्यंत जाऊन यायचं. आईच नव्हे, पलीकडच्या गल्लीतली केरळची नर्स होती, बेकरीतली ब्राझीलची मुलगी होती. नर्सच्या मागून मँडोलिनवाला जायचा. आईच्या वाट्याला डेक्लन आला, कारण तो कामावरून सगळ्यात आधी यायचा, आणि पेटी हॉलमध्ये ठेवायला त्याचा जीव होत नसे. "पण मला सांगितलं का नाही?" आई म्हणाली. मोरा गोंधळली. सांगायचं काय त्यात? सांगितलं असतं तर तू नको नको म्हणाली असतीस. उगाच उपकार केल्यासारखं झालं असतं. डेक्लन अखेर बोलला, बुटांकडे बघत. "तुम्ही घाबराल असं वाटलं."

"घाबरेन?" आई म्हणाली. "मी तुमच्यामुळे दोन महिने झोपले नाहीये! नोकरी सोडून देश सोडून निघालेय मी, तुमच्यामुळे!" इथं आईनं विरघळायला हवं होतं, एखाद्या बऱ्या स्वभावाच्या बाईनं तसं केलंही असतं. आई आमच्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "आणि हे खरं कशावरून? आत्ता पकडला गेला म्हणून सगळे मिळून रचत असतील." तेव्हा आबा उठले. काय बोलणं झालं ते त्यांना मी कानात सांगत होते. "वैशू," ते म्हणाले, "मी पाह्यलं ना. तुया घराचा लाइट लागल्याबिगर तो कधी हालला नाई. एक दिवस तुई किल्ली सापडत नव्हती, पानी पडत होतं, तं तो त्या खांबाखाली वला होत उभा राह्यला. चोर कायले वला होते वं?"

आई बराच वेळ डेक्लनकडे बघत राहिली, नासकं दूध आहे का ते बघावं तशी. मग इंग्रजीत म्हणाली, "सुट्ट्या संपल्या की मागून यायचं नाही. शेजारून चालायचं. मला दिसाल असं." तो म्हणाला, "ग्रँड." आणि आईचे डोळे एकदम भरून आले, तेव्हा तिनं मागे बघून बाबांना झापलं, "रुमाल द्या की, बघताय काय!" बँडनं पुन्हा सुरुवात केली, काय करावं ते न सुचून. आमची ताटली कधीच रिकामी झाली होती. आई परत येऊन बसली ती मात्र दाराजवळच, आणि कोट तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

सुट्ट्यांनंतरच्या पहिल्या संध्याकाळी मी आणि आबा खिडकीत बसलो. बोळीच्या तोंडाशी दोघं दिसली, शेजारी शेजारी, मध्ये ती पेटी. बोलत नव्हती. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं हे लांबूनही कळत होतं. खांबापाशी आल्यावर आईनं सवयीनं मागे वळून बघितलं, आणि तिनं बघितलं म्हणून त्यानंही. आबा मिशीत हसले. "आता मांगं कोन हाये वं पाहाले?" आईनं त्याला चहाला आत बोलावलं. तो नको म्हणाला. तिथं दोनदा नको म्हणायचीच रीत असते हे आईला माहीत नव्हतं. पण वर्ध्याकडे चारदा आग्रह करायची रीत आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, त्यामुळे तो आत आला. राजीनाम्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

मी हे लिहितेय तेव्हा माझे स्वतःचे केस पिकलेत आणि माझी मुलगी माझ्या फोनच्या कुलपाला हसते. आई अजून आहे, दाराला अजून साखळी लावते. डेक्लन गेला त्याला काही वर्षं झाली. तिकडे शवपेटी घरातून चर्चला नेतात तेव्हा शेजारीपाजारी शवगाडीच्या मागून पायी चालतात. त्या दिवशी गाडी त्याच बोळीच्या तोंडावरून, हॉलवरून, स्टॉपवरून गेली. बँडची माणसं त्याची बँजोची पेटी घेऊन अगदी पुढे होती. मी आईला म्हटलं, पुढे चल, मोराच्या शेजारी चल, आपली ओळख इतकी जुनी. आईनं हात सोडवून घेतला. ती सगळ्यांच्या मागे राहिली, गाडी हळू झाली की हळू, गाडीनं वेग घेतला की भरभर. मी परत बोलावलं तेव्हा माझ्याकडे न बघता ती आबांच्या बोलीत म्हणाली, "राहू दे वं. आज माई बारी हाये."